निवृत्तीनंतरचं वर्कशॉप गॅरेज: आखणीपासून पहिल्या कामापर्यंत

नोकरी करताना वर्षानुवर्षं मनात घोळलेलं वर्कशॉप उभारायची वेळ निवृत्तीनंतर येते, आणि हातात पैसे आले की पावलं आपोआप यंत्रांच्या दुकानाकडे वळतात. हे सगळं करून झाल्यावर मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: यंत्रं सगळ्यात शेवटी घ्या. आज साधं घेतलेलं ड्रिल उद्या बदलता येतं. कोब्याखाली आणि गिलाव्याच्या आत जे जातं ते बदलायचं म्हणजे तोडफोड, धूळ आणि दुप्पट खर्च. म्हणून पैसा आणि डोकं आधी तिथे लावा. दुसरं असं की, हे वर्कशॉप आजच्या तुमच्यासाठी बांधू नका. पंधरा वर्षांनंतरच्या तुमच्यासाठी बांधा. गुडघे, डोळे, कान आणि पाठ तेव्हा आजच्यासारखे नसतील.

१. नेमकं काय करणार, ते आधी लिहून काढा

सुतारकाम, गाडीची दुरुस्ती, वेल्डिंग, लेथवरचं (वस्तू फिरवत ठेवून तिला आकार देणाऱ्या यंत्रावरचं) काम, इलेक्ट्रॉनिक्स: सगळंच करावंसं वाटतं, पण ही कामं एका खोलीत गुण्यागोविंदानं नांदत नाहीत. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली तर ती तासन्‌तास आत धुमसत राहू शकते. लोखंडाचा बारीक कीस टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर पडून तिथे ओल लागली, तर निळसर काळे डाग उमटतात आणि ते सहजी निघत नाहीत. पॉलिश करताना हवेत भुसा नको असतो, आणि सॉल्व्हंटची वाफ असताना ठिणगी तर अजिबातच नको.

गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही स्वतःच्या हातानं खरोखर काय काय केलं, त्याची यादी करा. पुढच्या वर्षी काय करायचंय ते शेजारी लिहा. ज्या कामाचं नाव दोन्हीकडे येईल ते मुख्य काम, आणि जागा त्याच्यासाठी आखायची. बाकीच्यांना कोपरा मिळेल किंवा बाहेरची पडवी. एखादं काम अजून हातात घेतलंच नसेल, तर आधी त्याचा छोटा वर्ग करा किंवा कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये काही दिवस उमेदवारी करा. लेथचा नाद आपल्याला झेपतो की नाही, हे लेथ विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

२. पैसा वेगळा काढा, कागद गोळा करा

महिन्याचं उत्पन्न आणि आजारपणाची गंगाजळी यांना हात लावायचा नाही. वर्कशॉपसाठी ठरवलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. तिच्यातले दहा ते पंधरा टक्के सुरुवातीलाच बाजूला काढा. बांधकामात अनपेक्षित खर्च निघतोच. उरलेल्यापैकी साधारण निम्मं बांधकामाला, पाव हिस्सा वीज, प्रकाश आणि हवेला, आणि पाव हिस्सा हत्यारांना, अशी विभागणी मला योग्य वाटते. छप्पर आधीपासूनच असेल तर वाचलेला पैसा विजेकडे वळवा.

काम सुरू होण्याआधी हे कागद एका फाइलमध्ये हवेत:

- जागेच्या मालकीचा कागद आणि हद्दी दाखवणारा नकाशा
- घराचा मंजूर आराखडा
- स्थानिक प्राधिकरणाची बांधकाम परवानगी: हद्दीपासून सोडायचं अंतर, उंचीची मर्यादा, जागेचा वापर
- भिंत किंवा आवार सामाईक असेल तर शेजाऱ्यांची किंवा सोसायटीची लेखी संमती
- वाढीव वीजभाराचा अर्ज आणि मंजुरी
- जमिनीखालून गेलेल्या पाणी, सांडपाणी आणि विजेच्या लाइनींचा नकाशा
- घराच्या विमा कंपनीला वर्कशॉपबद्दल दिलेल्या सूचनेची पोच
- ठेकेदाराशी लेखी करार: काय काम, कोणतं सामान, कोणत्या टप्प्याला किती पैसे

इथे दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. पहिलं, ‘नुसतं पत्र्याचं छप्पर आहे, त्याला कसली परवानगी’ हा समज. बऱ्याच ठिकाणी चार खांब आणि वर छप्पर एवढंही बांधकामच धरलं जातं. विचारायला काही लागत नाही, पाडायला लागतं. दुसरं, छंदाचं वर्कशॉप आणि गिऱ्हाइकांची कामं घेणारं वर्कशॉप यांचे नियम वेगळे असतात. पुढेमागे कामं घ्यायचा विचार असेल तर आत्ताच चौकशी करा. विम्याच्या बाबतीत वेल्डिंग आणि इंधनाचा साठा लपवू नका. आग लागल्यावर दावा नेमका त्याच मुद्द्यावर नाकारला जाऊ शकतो.

३. जागा चुन्यानं आखा आणि तिच्यात वावरून बघा

प्लायवूडचा पूर्ण तक्ता ८ फूट बाय ४ फूट असतो. सुतारकामाच्या जागेचं माप त्यावरून निघतं. टेबल सॉवर (मेजातून गोल पातं वर आलेल्या करवतीवर) तो तक्ता लांबीत कापायचा तर पात्यापुढे ८ फूट आणि मागे ८ फूट मोकळे लागतात. मशिनचं टेबल धरून सरळ रेषेत १८-१९ फूट झाले. म्हणून एकट्याच्या सुतारकामाला १२ बाय २० फूट ही सुटसुटीत जागा. यापेक्षा लहान जागेत काम होतच नाही असं नाही, पण तेव्हा तक्ता आधी बाहेर अंगणात ढोबळ मापानं कापून आत आणावा लागतो.

गाडीचा हिशेब निराळा. मध्यम गाडी साधारण ६ फूट रुंद आणि १४-१५ फूट लांब. दार उघडून बाजूला वाकून काम करायला दोन्हीकडे ३-३ फूट, आणि एका भिंतीला २ फुटी वर्कबेंच, म्हणजे रुंदी १४ फूट. पुढे-मागे फिरायला धरून लांबी २४ फूट.

कागदावर हे सगळं मावतं. म्हणून मोकळ्या जमिनीवर चुन्यानं किंवा सुतळीनं खरी आखणी करा, वर्कबेंच आणि मशिनच्या जागी रिकामी खोकी ठेवा, हातात लांब फळी घ्या आणि वळून बघा. फळीचं टोक जिथे खोक्याला लागतं तिथे आराखडा बदलायचा. कुणाला तरी सोबत घेऊन पूर्ण तक्ता दारातून आत आणल्यासारखं करा, आडवा, मग उभा. एवढ्या खटाटोपात दाराची जागा आणि रुंदी दोन्ही ठरून जातात. त्यानंतर चौकटीच्या कागदावर १:२० प्रमाणात नकाशा काढा, यंत्रांच्या मापाचे कागदी तुकडे कापून त्यावर सरकवत बसा. दोन यंत्रं एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे दोघांची मोकळी जागा एकच असू शकते.

उंची निदान १० फूट ठेवा. ८ फुटी फळी उभी करून फिरवताना दिवा फुटू नये एवढं तरी वर हवं. गाडी उचलायची दोन खांबी लिफ्ट बसवायची असेल तर १२ फुटांच्या आसपास लागतात. नेमका आकडा लिफ्टच्या माहितीपत्रकात पाहून मगच छपराची उंची ठरवा. दाराशी पायरी नको, उतार हवा. आज पायरीनं काही बिघडत नाही, पण जड पेटी चाकांवरून आत न्यायची असते, आणि एक दिवस आपल्यालाही पायरी जड जाते.

४. कोबा, भिंती, छप्पर

भराव नीट ठोकून घट्ट बसवल्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरून त्यावर काँक्रीट घाला. जमिनीची ओल वर चढायचं यानं थांबतं. हा कागद नंतर घालता येत नाही. हलक्या वर्कशॉपला आणि गाडीला ४ इंच जाडी पुरते. लिफ्ट किंवा जड लेथ येणार असेल तर त्या जागी जाडी वाढवा आणि लोखंडाची जाळी घाला. ४ इंची कोब्याला साधारण दर १० फुटांवर सांधा कापायचा, जाडीच्या पाव भागाइतका खोल. काँक्रीट आकसतं तेव्हा तडा त्या रेषेत जातो, वाटेल तिथे जात नाही.

पाणी मारण्यात घाई करू नका. निदान ७ दिवस कोबा सतत ओला हवा. ताकदीचं माप २८ दिवसांचं धरतात. इपॉक्सीचा रंग द्यायचा असेल तर तोवर थांबा. मग हात-दीड हात चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं कोब्याला लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला असेल तर ओल अजून येतेय. त्यावर दिलेला रंग फुगून निघतो.

भिंती गुळगुळीत आणि फिक्या रंगाच्या ठेवा, उजेड वाढतो. जिथे कपाटं टांगायची तिथे प्लाय ठोकून घ्या म्हणजे खिळा कुठेही बसतो. पत्र्याचं छप्पर असेल तर खालून उष्णतारोधक थर हवाच, कारण थंड पत्र्याला आतून दव धरतं आणि ते ओतीव लोखंडाच्या टेबलावर ठिबकतं. दमट हवेत अशा टेबलांना मेणाचा हात देत राहा.

५. वीज: इथे हात आखडू नका

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक हवं.

घराच्या मुख्य बोर्डवरून वर्कशॉपसाठी स्वतंत्र केबल आणि स्वतंत्र उपबोर्ड. त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट केलेलं आणि मोजून तपासलेलं अर्थिंग, आणि दिव्यांचं सर्किट यंत्रांपासून अलग. यंत्र अडकून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला तर पातं फिरत थांबेपर्यंत दिवे चालू राहिले पाहिजेत. फिरत्या पात्यासमोर अंधारात उभं राहण्यासारखं दुसरं संकट वर्कशॉपमध्ये नाही.

मोटरचा हिशेब करून ठेवा. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. ३ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर पूर्ण भारानं चालताना साधारण १३ ते १७ अँपिअर करंट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच ते सातपट ओढते. बी प्रकारचा एमसीबी ३ ते ५ पटीला पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. म्हणून मोटरच्या सर्किटवर सी प्रकार घालतात. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून तिथे नुसता मोठ्या अँपिअरचा बसवणं म्हणजे वायर जाळायला ठेवणं. आधी वायरची जाडी, मग एमसीबी. वर्कशॉप घरापासून लांब असेल तर वाटेत व्होल्टेज पडतं, त्यासाठी केबल आणखी जाड लागते. हा हिशेब वायरमनकडून लेखी घ्या.

सॉकेट कमरेच्या वर, जमिनीपासून ४ फुटांच्या थोडं वर. भिंतीला टेकवलेला तक्ता ४ फुटांचा असतो, तो सॉकेट झाकत नाही, आणि प्लग लावायला वाकावंही लागत नाही. सॉकेट वाटतात त्याच्या दुप्पट लावा. कमी पडले की एक्स्टेंशन येतं, आणि एक्स्टेंशन आलं की पाय अडकतो. रिळावर गुंडाळलेलं एक्स्टेंशन जड यंत्राला वापरायची वेळ आलीच तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

मोठ्या यंत्राला असा स्विच हवा की वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होऊ नये. दाराजवळ सगळी यंत्रं एकदम बंद करणारं लाल बटण हवं, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा, पट्टीवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून. पुढे भिंतीत ड्रिल मारताना हे फोटो सोन्यासारखे वाटतात. एक-दोन रिकामे पाइपही भिंतीत टाकून ठेवा, आत ओढायची दोरी घालून.

६. प्रकाश

साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. मुलाला पुरेसा वाटणारा दिवा तुम्हाला अपुरा वाटतो तो याचमुळे, आणि चष्मा बदलून तो फरक भरून निघत नाही.

वर्कशॉपला सर्वसाधारण ५०० लक्स (उजेडाचं माप, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन) धरा. १२ बाय २० फुटांची जागा म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर. ५०० नं गुणलं की ११,००० ल्युमेन. भिंती, धूळ आणि उंची यांत वाया जाणारा उजेड धरून दीडपट करा, साडेसोळा हजार. २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते, म्हणजे आठ-नऊ ट्यूब. आकडा ऐकून जास्त वाटतो, पण एकदा त्या उजेडात पेन्सिलची रेघ पाहिली की कमी करावासा वाटत नाही. त्या सगळ्या एका रांगेत मध्यभागी लावू नका, नाहीतर वर्कबेंचवर स्वतःचीच सावली पडते. वर्कबेंचच्या पुढच्या कडेवर एक रांग, यंत्रांवर एकेक हलवता येणारा दिवा.

लेथ असेल तर दिव्यांच्या दर्जाकडे विशेष लक्ष द्या. लुकलुकणाऱ्या प्रकाशात ठरावीक वेगानं फिरणारा भाग थांबलेला दिसू शकतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लेथजवळ नको.

७. धूळ, धूर, आवाज

लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात नोंदवली आहे. दिसणारा भुसा झाडून काढता येतो. छातीत जाते ती न दिसणारी धूळ. ती यंत्राच्या तोंडाशीच ओढून घ्यावी लागते. डस्ट कलेक्टर नसेल तर निदान चांगला व्हॅक्यूम यंत्राला जोडा, आणि सॅण्डिंग करताना एन-९५ मास्क लावा. समोरासमोर खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पंखा बांधतानाच बसवून घ्या.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचं नाही, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडीचं काम करणार असाल तर त्याचा अलार्म लावा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. असा क्लीनर वेल्डिंगच्या जागेजवळ आणूच नका.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, ती गोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ टांगा, खोलीच्या आतल्या टोकाला नको. तिथे जाऊन परत यायचा रस्ताच आगीनं अडवलेला असू शकतो.

आवाजाचं गणित असं: ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. गोल करवत १०० डेसिबलच्या घरात जाते, म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटं. कानाचे मफ यंत्राच्या स्विचशेजारी टांगा, कपाटात ठेवलेले वापरले जात नाहीत. कॉम्प्रेसर भिंतीबाहेर आडोशाला ठेवला तर आत बोलणं ऐकू येतं. त्याच्या हवेसाठी पीव्हीसी पाइप मात्र वापरू नका, तो दाबाखाली फुटला की धारदार तुकडे उडतात.

८. वर्कबेंच तुमच्याच उंचीचा

पायात रोजचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जमिनीपासून जिथे येते ती रंधा मारायच्या वर्कबेंचची उंची. बारीक कामाला याहून सहा-आठ इंच वर लागतं, आणि लोखंड कानसण्याच्या वाईसचा (वस्तू घट्ट धरणाऱ्या शेगड्याचा) जबडा कोपराच्या पातळीवर हवा. दुसऱ्याच्या मापाचा तयार वर्कबेंच घेऊन पाठ दुखवून घेऊ नका; पायाखाली ठोकळे देऊन आधी काही दिवस उंची पारखा. शेजारी उंच स्टूल आणि खाली रबरी चटई. जड वस्तू गुडघा आणि छाती यांच्या मध्ये ठेवायच्या. माळा हलक्या सामानासाठीच.

९. एकट्यानं काम करायचं तर

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर किरकोळ काप लवकर थांबत नाही. डॉक्टरांना वर्कशॉपबद्दल सांगा आणि दाबपट्टी हाताशी ठेवा. पेसमेकर असेल तर वेल्डिंगला हात लावण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारलंच पाहिजे. झोप आणणारी गोळी घेतलेल्या दिवशी झाडलोट करा, यंत्र नको. फिरत्या यंत्रावर हातमोजे, सैल बाही आणि अंगठी नको. फोन बाकावर ठेवू नका, खिशात ठेवा. दाराची कडी आतून लावायची नाही. पात्यांची कामं सकाळी ताजंतवानं असताना उरकावीत असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी धार लावणं, मोजमाप, आवराआवर.

१०. आता हत्यारं

पहिल्या फेरीत एवढंच घ्या:

- मोजपट्टी, गुण्या, पाणसळ, आखणीचा चाकू
- एक चांगली करवत, एक रंधा, तीन-चार पटाश्या, धारेचा दगड
- हातोडा, कानशी, पाने आणि स्क्रूड्रायव्हरचा संच
- ड्रिल, आणि भरपूर क्लॅम्प
- चष्मा, कानाचे मफ, मास्क, प्रथमोपचार पेटी

पहिलं काम म्हणून वर्कबेंच स्वतः बनवा. दुसरं काम क्लॅम्पचा स्टँड, तिसरं यंत्रांसाठी चाकांची बैठक. ही कामं करताना कुठलं यंत्र नसल्यामुळे सारखं अडतं ते कळत जातं, आणि पुढची खरेदी त्याच क्रमानं करायची. जुनं यंत्र घेताना ते चालू करून ऐका. बेअरिंग घरघरत असेल तर बदलता येतं, पण ओतीव भागाला तडा असेल तर सोडून द्या. पातं झाकणारं कव्हर आणि टेबल सॉची पात्यामागची रायव्हिंग नाइफ जाग्यावर आहे ना, बघून घ्या. पात्यामागे कापाची फट मिटली तर लाकूड अंगावर उसळतं, ते ही पट्टी रोखते.

हत्यारं भिंतीवर टांगायची जागा पहिले काही महिने कायम करू नका. खिळे तात्पुरते ठोका, जे हत्यार दिवसातून चारदा लागतं ते आपसूक वर्कबेंचच्या जवळ येतं. त्यानंतर फळी रंगवा, आकार काढा आणि पक्के हूक लावा.